फेरफाराची वही आणि संगणकीय दप्तर

जुना हस्तलिखित सातबारा हातात घेतला, की नावांच्या शेजारी छोट्या वर्तुळात लिहिलेले आकडे दिसतात. एखादे नाव कंसात टाकलेले असते, त्याखाली दुसरे नाव येते आणि त्याच्याजवळ आणखी एक आकडा. हे फेरफाराचे क्रमांक. जाणकार माणूस तो क्रमांक धरून गाव नमुना ६ची वही उघडतो. बदल केव्हा झाला, कशामुळे झाला (वारसा, खरेदी, वाटणी की बोजा) आणि नोंद कोणी प्रमाणित केली, हे तिथे सापडते. जमीन आज कोणाकडे आहे ते सातबारा सांगतो. ती त्याच्याकडे कशी आली ते फेरफार सांगतो.

या दोन कागदांची आठवण मला शेतीमुळे झाली नाही. गेली काही वर्षे मी मोठ्या संस्थांच्या संगणकीय रचनेविषयी वाचतो आहे. या विषयाचे शिक्षण मी कुठल्या महाविद्यालयात घेतलेले नाही. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी करताना त्याची गरज अंगावर आली, म्हणून वाचन सुरू झाले. ती हकीकत पुढे येईलच.

एखादी बँक, महापालिका किंवा मोठा कारखाना घ्या. पगाराची प्रणाली एका वर्षी आली, खरेदीची दुसऱ्या वर्षी, हिशेबाची तिसऱ्याच पुरवठादाराकडून. वीस वर्षांत अशा कित्येक प्रणाली साचतात आणि एकमेकींना माहिती देऊ-घेऊ लागतात. एक बदलली की दुसरी कुठेतरी अडखळते. या साऱ्याचा एकत्र आराखडा सांभाळणाऱ्या मंडळींना ‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’ म्हणतात. आपण त्यांना रचनाकार म्हणू.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांत जॉन झॅकमन यांचे नाव अग्रभागी आहे. १९८७ साली ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. घर बांधताना मालक, वास्तुरचनाकार आणि बांधकाम करणारा यांना वेगवेगळे नकाशे लागतात, तसेच माहितीच्या व्यवस्थेचेही असते, हे त्याचे सूत्र. त्या लेखातल्या तक्त्यात तीन प्रश्नांचे स्तंभ भरलेले होते: काय, कसे आणि कुठे. कोण, केव्हा आणि का, हे स्तंभ जॉन सोवा यांच्यासह लिहिलेल्या १९९२च्या लेखात सविस्तर आले. ‘का’ हा प्रश्न तक्त्यात उशिरा आला. प्रत्यक्ष कामात तर तो अजूनही पुष्कळ ठिकाणी आलेला नाही.

आता माझी हकीकत. आमच्या स्टोअरमध्ये मालाच्या सांकेतिक क्रमांकाचा शेवटचा आकडा ९ असेल, तर तो माल ग्राहकाने जॉबवर्कसाठी पाठवलेला, म्हणजे आमच्या मालकीचा नसलेला असे. कारखान्यात नवी संगणक प्रणाली आली, तेव्हा बाहेरून आलेल्या मंडळींना हा शेवटचा आकडा निरुपयोगी वाटला आणि त्यांनी तो काढून टाकला. त्यांच्याजवळच्या आकृत्या सुबक होत्या, पण त्या आकड्याचे कारण एकाही कागदावर नव्हते. ते आमच्या निवृत्त स्टोअरप्रमुखांच्या डोक्यात होते. वर्षअखेरीच्या मोजणीत ग्राहकाचा माल आमच्या साठ्यात धरला गेला. तो हाताने वेगळा करायला आम्हाला तीन आठवडे लागले. चूक कोणाची, यावर बरीच खडाजंगी झाली. माझ्या मते चूक एका नसलेल्या वहीची होती.

रचनाकारांच्या गटाला कोणती साधने लागतात, हे आपल्या गावच्या दप्तराच्या मांडणीवरून चांगले समजते. पहिली गरज यादीची: संस्थेत कोणत्या प्रणाली आहेत, त्यांचा धनी कोण. गावात हे काम जमिनीची नोंदवही, म्हणजे नमुना १ करतो. दुसरी गरज नकाशाची. त्यासाठी ‘आर्किमेट’ नावाची आकृत्यांची प्रमाण भाषा आहे आणि त्या भाषेत आकृत्या काढण्यासाठी ‘आर्ची’ हे मोफत सॉफ्टवेअर मिळते. तिसरी गरज तीच माहिती वेगळ्या बाजूने पाहण्याची. सातबारा जमिनीच्या तुकड्यावरून धन्याकडे जातो, तर आठ-अ खातेदारावरून त्याच्या सगळ्या जमिनींकडे. तसेच एका प्रणालीवर कोणती खाती अवलंबून आहेत आणि एका खात्याला कोणत्या प्रणाली लागतात, हे दोन्ही उतारे हाताशी हवेत. चौथी गरज शब्दकोशाची. विक्री विभागाचा ‘ग्राहक’ आणि हिशेब विभागाचा ‘ग्राहक’ हा एकच माणूस असतो, असे नाही.

पाचवी गरज फेरफाराच्या वहीची. मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली एका छोट्या लेखात तिचा सोपा नमुना सुचवला. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी एक-दोन पाने लिहायची: शीर्षक, तेव्हाची परिस्थिती, निर्णय, त्याची सद्यःस्थिती आणि परिणाम. निर्णय पुढे बदलला, तरी जुने पान फाडायचे नाही. त्याच्या जागी नवा निर्णय आला, एवढी खूण करायची. सातबाऱ्यावरचे जुने नाव कंसात जाते, पण वाचता येते. तशीच ही रीत.

गावच्या पद्धतीत आणखी एक शहाणपण आहे. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी वेगळा असतो. वाद निघाला, तर त्याची स्वतंत्र नोंदवही, नमुना ६-अ. ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेने १९९५ साली आणलेली ‘टोगॅफ’ ही कार्यपद्धती जगभर वापरली जाते. निर्णय तपासणारे मंडळ आणि सामाईक भांडार ही दोन्ही तिच्यातही आहेत. केंद्र सरकारने २०१८मध्ये सरकारी खात्यांसाठी ‘इंडईए’ हा आराखडा काढला. म्हणजे चौकटींना तोटा नाही. महसुली दप्तरही निर्दोष नाही. रखडलेल्या नोंदींनी किती घरे कोर्टाच्या पायऱ्या चढली, ते आपण जाणतो. पण नोंद रखडली तर निदान ती रखडली आहे हे कळते. नोंदवहीच नसेल, तर तेही कळत नाही.

राहिला जागेचा प्रश्न. आपल्या ‘दप्तर’ या शब्दात कागदांचा गठ्ठाही आला आणि कचेरीही आली. साधने आणि जागा यांची ताटातूट भाषेने होऊ दिली नाही. रचनाकारांना महागडी सजावट लागत नाही. सगळ्यांना दिसेल अशी नकाशाची भिंत, विक्रीपासून स्टोअरपर्यंत कोणालाही येऊन बसता येईल असे टेबल आणि चर्चा उठण्याआधी नोंद लिहिणारा एक माणूस, एवढे पुरते. तो माणूस नसेल, तर भिंतीवरच्या चिकटचिठ्ठ्या संध्याकाळी झाडूबरोबर जातात.

नाशिककरांसाठी हा प्रश्न कचेरीपुरता नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी इथल्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचा जीव गेला. २०१५च्या सिंहस्थाच्या तयारीत एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरले. विद्यार्थी, अभियंते आणि शासकीय अधिकारी एकत्र बसले. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने नाशकात ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र उभे केले. एकत्र बसायची जागा शहराला मिळाली, ही मोठी गोष्ट. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. तोवर अधिकारी बदलतात, संगणक बदलतात, कंत्राटदार बदलतात. पोलीस, महापालिका, रेल्वे, एसटी आणि आरोग्य यांच्या यंत्रणा पुन्हा नव्याने जोडल्या जातात. अमुक रस्ता एकेरी का ठेवला, अमुक ठिकाणी गर्दी का थांबवली, याची कारणे लिहिलेली असतील, तर नवा अधिकारी बारा वर्षांच्या अनुभवावर उभा राहतो. नसतील, तर त्याच्या हाती नुसता सातबारा येतो आणि वर्तुळातला आकडा कुठल्या वहीचा, हे सांगायला कोणी उरलेले नसते.

ही वही सुरू करायला निधी लागत नाही की निविदा. आमच्या स्टोअरमध्ये त्या तीन आठवड्यांनंतर मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिले: शेवटचा आकडा ९ असेल, तर माल ग्राहकाचा. खाली तारीख, कारण आणि सही. त्या सहीखाली दुसरी सही घ्यायला मी साहेबांकडे गेलो, तेव्हा ते हसले. पण त्यांनी सही केली.