अभीरुत्व : रुग्णाचा आत्मविश्वास आणि वैद्याचे कर्तव्य

चिकित्सेच्या चार पादांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी वैद्य, औषध आणि परिचारक यांच्याप्रमाणे रुग्णाचेही चार गुण सांगितले आहेत. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे ते गुण होत (सूत्रस्थान, अध्याय ९). यांपैकी पहिल्या दोहोंची चौकशी आपण सर्वच वैद्य नित्य करतो. औषध वेळेवर घेतले काय, पथ्य सांभाळले काय, हे विचारल्यावाचून आपण पुढची पुडी बांधत नाही. उरलेले दोन गुण, म्हणजे रुग्णाने न भिणे आणि आपल्याला काय होते आहे ते त्याला सांगता येणे, हे मात्र बहुधा परीक्षेपुरते पाठ राहतात. आमच्या मते आजच्या व्यवसायात या दोन गुणांचा अभाव हाच अनेक चिकित्सांच्या अपयशाचे कारण ठरत आहे.

अशा रुग्णांची वाचकांना ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. सासूच्या मागे उभी राहिलेली सून, जिची सर्व लक्षणे सासूच सांगते. बारावीत अपयश आल्यापासून डोके दुखते म्हणणारा विद्यार्थी. कोपरावरील श्वित्र झाकण्यासाठी भर वैशाखात पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारा तरुण. सोसायटीचे कर्ज थकल्यापासून पारावर बसणे सोडलेला शेतकरी. हे सारे एकाच शब्दात तक्रार मांडतात : ‘अशक्तपणा’. आणि एकच गोष्ट मागतात : ‘टॉनिक’. नाडी पाहावी तर विशेष काही सापडत नाही. मग आपण अश्वगंधा लिहून देतो, औषधालयाचे मालक बाटली काढून देतात आणि पंधरा दिवसांनी तोच रुग्ण दुसऱ्या वैद्याच्या दारात उभा राहतो.

आल्फ्रेड अॅडलर या व्हिएन्नातील मानसशास्त्रज्ञाच्या संकल्पनेसाठी मराठीत ‘न्यूनगंड’ हा शब्द रूढ झाला आणि तो इतका सैलपणे वापरला जातो की त्याचा अर्थच झिजला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मानतो. ‘मी माणूस म्हणून मोलाचा आहे’ ही भावना म्हणजे आत्मसन्मान; ‘हे काम मला जमेल’ ही खात्री म्हणजे आत्मविश्वास. एखाद्या निष्णात सुताराला आपल्या कामाची पूर्ण खात्री असते, तरीही सरकारी कचेरीत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. समुपदेशनात कोठून आरंभ करावा हे या भेदावर अवलंबून असते.

आपल्या शास्त्रात यासाठी स्वतंत्र चिकित्सा आहे. त्रिविध औषधांमध्ये दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय सांगितला आहे (सूत्रस्थान, अध्याय ११). मानस दोषांसाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय त्याच ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात येतात. रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे, आणि वाताच्या नानात्मज विकारांतही विषादाची गणना आहे. इतके असूनही सत्त्वावजय म्हणजे रुग्णाला चार उपदेशाच्या गोष्टी सांगणे, अशी समजूत आपल्यात दृढ झाली आहे. उपदेश सोपा असतो, फुकट असतो, आणि देणाऱ्यालाच त्याने अधिक बरे वाटते.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वाचे प्रवर, मध्य आणि अवर असे तीन प्रकार वर्णिले आहेत. मध्यसत्त्व मनुष्य दुसऱ्यांकडे पाहून स्वतःला सावरतो किंवा दुसऱ्यांनी आधार दिल्यास सावरला जातो. अवरसत्त्वाविषयी मात्र आचार्यांचे विधान कठोर आहे : अशा माणसाला स्वतःच्या बळावर सावरता येत नाही आणि इतरांच्या आधारानेही सावरता येत नाही. येथेच वैद्याच्या हातून मोठा प्रमाद घडण्याचा संभव आहे. समोर बसलेला, मान खाली घातलेला, प्रश्नाला हुंकारानेही उत्तर न देणारा रुग्ण खरोखर अवरसत्त्व आहे, की परिस्थितीने दाबून ठेवलेला मध्यसत्त्व अथवा प्रवरसत्त्व आहे? केवळ दर्शनाने हे ठरत नाही. सत्त्वबलामुळे गुरुव्याधी लघु भासतो आणि सत्त्वहीनतेमुळे लघुव्याधी गुरु भासतो, म्हणून वरवर पाहणारा वैद्य फसतो, हा इशारा व्याधितरूपीय अध्यायात आहेच. आम्ही त्यात इतकेच जोडू इच्छितो की स्वतः सत्त्वाच्या परीक्षेतही वैद्य असाच फसू शकतो.

याचे सर्वांत ठळक प्रमाण आपल्याच जिल्ह्यात आहे. जामखेड तालुका म्हणजे १७२५ मध्ये चोंडी गावी जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांचा तालुका. त्यांच्याच नावाने आता आपला जिल्हा ओळखला जातो. तसा हा भाग दुष्काळी, ऊसतोडीला बाहेर पडणारा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर; तत्पूर्वी त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले होते. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा त्यांचा पहिला बेत होता, परंतु बाहेरून आलेल्या परिचारिका गावात रुजल्या नाहीत. तेव्हा गावानेच निवडून दिलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे ठरले. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या होत्या, काही परित्यक्ता वा विधवा होत्या. त्या काळी कोणत्याही वैद्याने त्यांना पाहून अवरसत्त्व ठरविले असते तर त्याला दोष देणे अवघड होते. चारचौघांत उभे राहून स्वतःचे नाव उच्चारणेही अनेकींना कठीण जात असे. अमक्याची बायको, तमक्याची सून, अमुक जातीची, एवढीच त्यांची ओळख होती.

आरोळे दांपत्याने यांच्या प्रशिक्षणाचा प्रारंभ शरीररचनेने वा रोगांच्या नावांनी केला नाही. प्रारंभ झाला तो स्वतःविषयी बोलण्याने. दर आठवड्याला या स्त्रिया जामखेडला एकत्र येत, तेथेच मुक्काम करीत, जातिभेद बाजूस ठेवून एकत्र जेवत आणि आपल्या गावात त्या आठवड्यात काय घडले ते एकमेकींना सांगत. शिकविण्याचे पुष्कळसे काम त्यांनी एकमेकींनाच केले. बालकाचे वजन करणे, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी पाजणे, गरोदर स्त्रीची चौकशी करणे, स्वच्छतेने बाळंतपण करणे अशी कामे एकेक करून हाती येत गेली. एक मूल अतिसारातून वाचले की ते साऱ्या वस्तीला दिसत असे. ज्या घरात तिला उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता त्याच घरातून अडलेल्या बाळंतिणीसाठी तिला बोलावणे येऊ लागले.

परिणाम आकड्यांतही उतरला. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण ३० च्या खाली आले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या लोकाधिष्ठित आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडचा समावेश झाला आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. कार्य पुढे चालू आहे. परंतु आम्हांला या आकड्यांहून अधिक बोलका वाटतो तो मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेचा प्रसंग. वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलण्यास त्या उभ्या राहिल्या, तेव्हा सभागृहातील झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना त्या झुंबरांची उपमा दिली : सुंदर, महाग आणि सामान्यांच्या हाताबाहेरचे. मग स्वतःजवळची साधी पणती दाखवून, आरोग्यसेविका ही अशी पणती असून एका पणतीने दुसरी लावता येते, असे त्या म्हणाल्या. ही स्त्री अवरसत्त्व होती असे कोण म्हणेल?

जामखेडला जे घडले त्याची मीमांसा आधुनिक मानसशास्त्रातही सापडते. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार उगम मांडले. स्वतः काम करून यशस्वी झाल्याचा अनुभव हा सर्वांत प्रबळ. त्यानंतर आपल्यासारख्याच दुसऱ्याला यशस्वी होताना पाहणे. विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर. आणि शरीराची अवस्था. मध्यसत्त्व मनुष्य दुसऱ्यांकडे पाहून सावरतो, हे चरकाचे निरीक्षण येथे दुसऱ्या क्रमांकावर भेटते याची वाचकांनी नोंद घ्यावी. शब्दांनी दिलेला धीर मात्र पहिल्या दोहोंहून दुबळा ठरतो, आणि आपण समुपदेशन म्हणून नेमका तेवढाच देत असतो.

केवळ स्तुतीने तर कधी उलटेही होते. ‘मी चांगला आहे’ अशी वाक्ये मनाशी घोकण्याचा उपाय अनेक पुस्तकांतून सुचविला जातो. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की ज्यांचा आत्मसन्मान मुळातच उणा आहे त्यांना अशा घोकंपट्टीने बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटले. मनात लगेच प्रतिवाद उठतो, हे कारण सहज पटण्याजोगे आहे. अल्बर्ट एलिस यांनी तर माणसाने स्वतःला गुण देणेच थांबवावे, कृतीचे मूल्यमापन करावे, पण आपण माणूस म्हणून पास की नापास हा प्रश्नच विचारू नये, अशी भूमिका घेतली. कि. मो. फडके यांनी हे विवेकनिष्ठ विचार मराठी वाचकांपर्यंत आणले आहेत. ज्ञान आणि विज्ञान या उपायांचा आजचा अर्थ लावू पाहणाऱ्या वैद्याने ते अवश्य अभ्यासावेत.

मग दहा मिनिटांच्या तपासणीत वैद्याने काय करावे? प्रथम, रुग्णाशीच बोलावे. सासू वा वडील उत्तर देऊ लागल्यास ‘तुमचेही ऐकतो, आधी ताईंना सांगू द्या’ असे आदराने म्हणावे आणि थोडा वेळ शांत राहावे. ही शांतता आपल्याला जड जाते. बाहेर रांग असते. तरीही ज्ञापकत्व येथेच निर्माण होते. रुग्णाला इतरांदेखत रागावणे, वजनावरून वा रंगावरून थट्टा करणे हे आपल्यातील ज्येष्ठांकडूनही घडते व ते प्रेमापोटी घडते, परंतु रुग्ण ते प्रेम घरी नेत नाही, थट्टा तेवढी नेतो.

दुसरे, शरीर तपासावे. पांडु, अनिद्रा, अग्निमांद्य, अवटु ग्रंथीचा विकार असल्यास तो प्रथम हाताळावा. छातीत धडधड आणि हातांना कंप ही लक्षणे रुग्ण आपल्या नालायकीचा पुरावा समजतो. ती उपाशीपोटी घेतलेल्या चहाने आणि जागरणाने वाढली आहेत हे समजल्यास त्याला अर्धा दिलासा मिळतो. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी यांचे स्थान येथे आहे : निद्रा आणि अस्वस्थता यांसाठी. त्यांनी आत्मविश्वास येईल असे आम्ही रुग्णाला सांगत नाही. तसे सांगितल्यास जे काही साधेल त्याचे श्रेय बाटलीला जाते आणि रुग्ण होता तेथेच राहतो.

तिसरे आणि मुख्य, औषधाबरोबर एक काम लिहून द्यावे. ते इतके लहान असावे की सात दिवसांत नक्की पार पडेल, आणि दुसऱ्या कोणाला तरी दिसेल. सुनेने पुढील वेळी आपली लक्षणे स्वतः सांगावयाची. विद्यार्थ्याने धाकट्या भावंडाला रोज एक गणित समजावून द्यावयाचे. शेतकऱ्याने एकदा पारावर जाऊन पाव तास बसून यावयाचे. श्वित्राच्या रुग्णाला, तो संसर्गजन्य नाही हे त्याच्या घरच्यांसमोर वैद्याने स्वतः सांगावे आणि मग एक दिवस अर्ध्या बाह्यांचा सदरा घालण्यास सुचवावे. काम साधले नाही तर ते मोठे होते असे समजून अर्धे करावे. शक्य असेल तेथे गावातील बचतगट, भजनी मंडळ, तालीम यांच्याशी रुग्णाला जोडून द्यावे. जामखेडच्या स्त्रियांना एकेकटीला घरी बसवून शिकविले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

औषधालयाच्या मालकांस एक विनंती. उंची वाढविणे, स्थूलता, नपुंसकत्व, मज्जादौर्बल्य यांवरील उपचारांची जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय कायद्याने निषिद्ध आहे, हे आपण जाणताच. या यादीकडे एकदा निराळ्या दृष्टीने पाहावे : तीत रोगांच्या जोडीला माणसाला लाज वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी आहेत. लाजेवर माल खपतो, आणि तो खपत राहावा यासाठी लाज टिकून राहावी लागते. हलक्या आवाजात गुप्त औषध मागणाऱ्या मुलाला बाटली देण्याऐवजी वैद्याचा पत्ता दिल्यास एका विक्रीचा तोटा होईल, परंतु ते कुटुंब पुढे वर्षानुवर्षे त्याच दुकानाची पायरी चढेल.

प्रत्येक उदास रुग्ण या लेखाच्या कक्षेत येत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहणे, झोप व भूक नाहीशी होणे, कशातच रस न वाटणे, ‘माझे ओझे झाले आहे’ किंवा ‘आता संपवावे’ असे बोलणे, यांपैकी काही आढळल्यास मानसरोगतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजतो ही भीती निराधार आहे. अशा घरी कीटकनाशकाचा डबा कोठे आहे याची चौकशी नातलगांकडे करून तो हलविण्यास सांगावे. केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. चिकित्सालयात आणि औषधालयाच्या दर्शनी भागी, रुग्णाला कोणास न विचारता वाचता येईल अशा ठिकाणी, हा क्रमांक लावावा.