फादरांना मदत की आपले सेवाकार्य?

"आम्ही फादरांना थोडी मदत करतो," असे म्हणणारे श्रद्धावंत प्रत्येक धर्मग्रामात भेटतात. कुणी मिस्सामध्ये वाचन करतो, कुणी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते, कुणी आजाऱ्यांच्या घरी जातो. त्यांच्या नम्रतेविषयी आम्हांला आदर आहे. परंतु हे वाक्य ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात स्पष्ट केले की, या कार्याचे पाचारण स्नानसंस्कार व दृढीकरण यांद्वारे स्वतः प्रभूच करतो. याचा अर्थ, ते काम फादरांनी वाटून दिलेले नसते. मिस्साबलिदान अर्पण करणे आणि पापक्षमा देणे ही दीक्षित धर्मगुरूंचीच सेवा होय, हेही तितकेच खरे.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. येरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होत होती आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. (पहिल्या ख्रिस्ती समूहातही कुरकुर होती, हे वाचून आम्हां धर्मगुरूंना थोडा दिलासा मिळतो!) प्रेषितांनी ती दडपली नाही. त्यांनी सर्वांना एकत्र बोलावले. सात माणसे समूहाने निवडली. प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. विशेष म्हणजे त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाची जबाबदारी सोपवली गेली. केवळ पंगतीत वाढायला माणसे हवी होती, असे हे प्रकरण नव्हते. विश्वास टाकण्याचा प्रश्न होता.

आमच्याकडे नेमके येथेच अडते. सणाला मंडप कुठे घालावा हे आम्ही सर्वांना विचारतो. धर्मशिक्षणाचे वर्ग ओस का पडतात हे मात्र विचारत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती बंधनकारक आहे (कलम ५३७). पॅरिश कौन्सिल मात्र बिशपांना योग्य वाटल्यास स्थापन होते आणि तिचे मत सल्लागार स्वरूपाचे असते (कलम ५३६). सल्ला घेणे म्हणजे आधीच ठरवलेले वाचून दाखवणे नव्हे! ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनडने आपल्या अंतिम दस्तऐवजात अशी सहभागी मंडळे बंधनकारक व्हावीत, असा आग्रह धरला आणि पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज संमत केला. त्यापूर्वी २०२१ साली त्यांनी वाचक व वेदीसेवक या अधिकृत सेवा स्त्रियांसाठीही खुल्या केल्या होत्या आणि धर्मशिक्षकाची स्वतंत्र अधिकृत सेवाही स्थापन केली होती.

दोष एका बाजूचा नाही. तीच पाच-सहा माणसे वर्षानुवर्षे सारे वाहतात, थकतात, आणि नव्यांना जागाही देत नाहीत. बाकीचे "ते आहेत ना" म्हणून निश्चिंत राहतात. मधल्या मधे अंथरुणाला खिळलेली एखादी आजी कित्येक महिने ख्रिस्तप्रसादावाचून राहते. फादरांना तिचा पत्ता ठाऊक नसतो, शेजाऱ्यांना असतो. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेण्यासाठी प्रापंचिक सेवक नेमण्याची मुभा तर १९७३ पासून आहे.

कौन्सिलच्या येत्या सभेत प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या वस्तीतील, देवळात येऊ न शकणाऱ्यांची नावे लिहून आणावीत. जमाखर्चाआधी ती वाचली जावीत, आणि प्रत्येक नावापुढे कोण व कधी जाणार हे तिथेच ठरावे.