थुंकलेला घास फुकट जात नाही

कालपर्यंत लाल भोपळ्याची भाजी मिटक्या मारत खाणारं पोर दीड-दोन वर्षांचं झालं की एकाएकी तोंड घट्ट मिटून घेतं. मऊ भातात कालवलेलं मेथीचं एवढंसं पान जिभेने बरोबर हुडकतं आणि हनुवटीवर आणून ठेवतं. मग घरात प्रत्येकाचं एकेक मत निघतं. त्यातली बरीचशी मतं तपासून घ्यायला हवीत.

गैरसमज : लाडावलंय, म्हणून नखरे करतंय.

वस्तुस्थिती : अनोळखी पदार्थाची भीती हा वाढीतलाच एक टप्पा आहे. साधारण दोन ते सहा या वयात ती सर्वांत जास्त असते. नुकतं चालायला लागलेलं मूल दिसेल तो पाला तोंडात घालू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय असावी, असं अभ्यासकांना वाटतं. शिवाय माणसाला गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा जन्मतःच असतो. मेथी किंवा कोबीतला जो कडवटपणा आपल्याला जाणवतही नाही, तो बऱ्याच मुलांना चांगलाच बोचतो.

गैरसमज : पूर्वीसारखं खात नाही, म्हणजे भूक मेली.

वस्तुस्थिती : पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वाढदिवसापर्यंत नऊच्या आसपास पोचतं. दुसऱ्या वर्षात मात्र साधारण दोन-अडीच किलोचीच भर पडते. वाढ मंदावली की भूकही मंदावणार. वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा भाजी, असा ढोबळ हिशेब धरा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे झाले, आपण मात्र वाटी भरून ठेवतो आणि उरलं म्हणून कष्टी होतो. मूल पुरेसं खातंय का, हे ताटाला विचारू नका. डॉक्टरांकडच्या वजन-उंचीच्या तक्त्याला विचारा. आणि दिवसभरात दूध किती पोटात जातं तेही मोजा. अर्ध्या लिटरच्या वर गेलं, तर जेवणाला जागा कुठून राहणार?

गैरसमज : तीनदा करून बघितली, त्याला दोडका आवडतच नाही.

वस्तुस्थिती : तीन वेळा म्हणजे नुसती तोंडओळख. एखादी भाजी मुलाने आपली म्हणायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. गिळली तरच ती वेळ धरायची असंही नाही. हुंगली, बोटाने दाबली, चाटून थुंकली, तरी ओळख एक पाऊल पुढे गेली. म्हणून एकच फोड ठेवायची आणि ती खाल्ली की नाही यावर अवाक्षर काढायचं नाही.

गैरसमज : ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा रामबाण उपाय.

वस्तुस्थिती : त्या दिवशी भाजी संपते, पण नावडती होते. लीन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एक पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं, तर पुढे त्या पेयाची आवड उलट कमी झाली. मुलाचा हिशेब सरळ असतो : ज्यासाठी लाच द्यावी लागते, ते वाईटच असणार. मोबाईल दाखवून भरवलेल्या घासाचंही तसंच. पोट भरल्याची खूण मुलाला कळत नाही आणि भाजीची चवही लक्षात राहत नाही.

गैरसमज : थालीपिठात दुधी किसून घातला, प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : दुधी पोटात गेला हे चांगलंच झालं. पण न दिसलेल्या भाजीशी मैत्री कशी व्हायची? थालीपीठ जरूर करा, शेजारी दुधीची एक वाफवलेली फोडही ठेवा. त्याआधी मटार सोलायला, मेथी निवडायला त्याला जवळ बसवा. कच्चं गाजर आणि अख्खे शेंगदाणे मात्र या वयात नकोत, घशात अडकतात.

गैरसमज : पालक खाल्ला की रक्त वाढतं.

वस्तुस्थिती : पालकात लोह असतं, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. पालेभाजीवर किंवा वरणावर लिंबू पिळलं की ते जास्त शोषलं जातं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पाच वर्षांच्या आतल्या (सहा महिन्यांपुढच्या) ६७ टक्के भारतीय मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणून एका पालकावर विसंबू नका. डाळी, कडधान्यं आणि घरात चालत असेल तर अंडी-मासे हेही ताटात हवेत.

वजन घटत असेल, घास घेताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा खाण्यातले पदार्थ कमी होत होत चार-पाचांवर आले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली कामाची वाटणी पाळावी : काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने.

आणि हनुवटीवरचं ते मेथीचं पान? निमूटपणे पुसून टाका. परवा परत मेथी करा.