नागरिकत्वाची रांग आणि ‘ड्रीमर’ मुले

अमेरिकेतल्या बेकायदा स्थलांतरितांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘रांगेत उभे राहा आणि कायद्याने नागरिक व्हा.’ रेशनपासून पासपोर्टपर्यंत रांगेची सवय असलेल्या आपल्याला ते लगेच पटते. पण ज्या मुलांना आईवडिलांनी लहानपणीच सीमेपलीकडे नेले, त्यांच्यासाठी ही रांग आहे तरी कुठे?

समजा, तीन वर्षांची एक मुलगी आईच्या कडेवर बसून मेक्सिकोतून टेक्सासमध्ये आली. शाळेत तिला कोणी अडवत नाही. कागदपत्रे नाहीत म्हणून मुलांना मोफत सरकारी शाळा नाकारता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिला आहे. आपण ‘बेकायदा’ आहोत हे पुष्कळ मुलांना कळते ते नोकरीचा किंवा कॉलेजचा अर्ज भरताना. त्याच घरातला धाकटा भाऊ मात्र तिथे जन्मला म्हणून नागरिक!

नागरिकत्वाआधी ग्रीन कार्ड लागते आणि ते मुख्यतः नातेवाइकामुळे किंवा नोकरीमुळे मिळते. देशात राहूनच ते घ्यायचे, तर सहसा मूळ प्रवेश रीतसर तपासणी होऊन झालेला असावा लागतो. नागरिकाशी लग्न केले तरी ही अट सुटत नाही. बरे, मायदेशी जाऊन व्हिसा आणावा, तर १९९६ चा कायदा आडवा येतो. वर्षभर किंवा अधिक काळ बेकायदा राहून जो बाहेर गेला, त्याला दहा वर्षे परतीची बंदी. वयाची अठरा वर्षे होईपर्यंतचा काळ यात धरत नाहीत, एवढीच काय ती दया. म्हणजे एकोणीस पूर्ण होता होता या मुलीच्या वाटेत दहा वर्षांचे कुलूप पडते. जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध केल्यास सूट मागता येते, पण ते जोडीदार वा आईवडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असले तरच.

एक जुनी वाटही आहे, ‘रजिस्ट्री’ नावाची. ठरावीक तारखेपूर्वी आलेल्या आणि तेव्हापासून तिथेच राहिलेल्या सद्वर्तनी माणसाला ग्रीन कार्ड देण्याची ही सोय १९२९ पासूनची. पूर्वी ही तारीख अधूनमधून पुढे सरकत असे. १९८६ साली ती १ जानेवारी १९७२ केली गेली आणि आजही तीच आहे. मला विचाराल तर या सगळ्या वादात ही एक तारीख सर्वांत बोलकी आहे.

२००१ साली रिपब्लिकन ऑरिन हॅच आणि डेमोक्रॅट डिक डर्बिन यांनी सिनेटमध्ये ‘ड्रीम’ विधेयक मांडले. ‘ड्रीमर’ हे नाव त्यावरूनच पडले. शिक्षण किंवा लष्करी सेवा यांच्या आधारे टप्प्याटप्प्याने नागरिकत्व, अशी ती कल्पना. डिसेंबर २०१० मध्ये ते प्रतिनिधिगृहात मंजूर झाले. सिनेटमध्ये मात्र ५५ मते मिळाली, हवी होती ६०.

मग जून २०१२ मध्ये ओबामा सरकारने ‘डाका’ योजना आणली. नाव मराठी कानाला भलतेच वाटते! तिच्यात दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीला स्थगिती आणि कामाचा परवाना मिळतो, नागरिकत्व नाही. ट्रम्प सरकारने २०१७ मध्ये ती गुंडाळायला घेतली. ते करण्याची पद्धत चुकीची होती, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे २०२१ मध्ये टेक्सासच्या एका संघराज्य न्यायालयाने योजनाच बेकायदा ठरवली. जुन्यांची नूतनीकरणे चालू राहिली, नव्यांना मंजुरी थांबली. शिवाय १५ जून २००७ पासून अमेरिकेत वास्तव्य हवे, ही अट आहेच. आज बारावीत असलेली बहुतेक मुले त्या दिवशी जन्मलेलीही नव्हती.

हा प्रश्न मराठी घरांनाही शिवतो, जरा वेगळ्या रीतीने. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्यांची मुले एच-फोरवर, म्हणजे पूर्ण कायदेशीर मार्गाने, तिथे वाढतात. पण नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांना देशामागे सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. दरम्यान मूल एकवीस वर्षांचे होते. वयात थोडी वजावट मिळते, पण ती पुरली नाही तर आईवडिलांच्या अर्जातून ते गळते. ‘डाका’ त्यांना नाही, कारण २०१२ मध्ये कायदेशीर दर्जा नसणे हीच तिची अट! दोन्ही प्रकारच्या मुलांना वाट देणारे विधेयक मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने २२८ विरुद्ध १९७ मतांनी मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते मतदानालाच आले नाही. तोवर या मुलांनी विद्यार्थी व्हिसा काढायचा, पुष्कळदा परदेशी विद्यार्थ्याची फी भरायची, नाहीतर दोन वर्षांचे असताना सोडलेल्या पुण्याला परत यायचे.