रानांतील पाहुण्याची रीत

दुसऱ्याच्या घरीं गेल्यावर आवाज हळू ठेवावा, दाखविलेल्या जागीं बसावें, यजमानाच्या वस्तूंची उलथापालथ करूं नये, हें आपण मुलांना लहानपणापासून शिकवितों. परंतु हाच शिकलेला मनुष्य रानांत इमारत बांधावयास निघाला कीं सारे संस्कार विसरतो. ज्या देखाव्यासाठीं लोक दुरून येतात, नेमका त्याच्याच आड तो पांढऱ्या भिंतींचा व लाल छपराचा बंगला उभा करितो. राष्ट्रीय उद्यानांत प्रवाशांची सोय तर व्हावी, पण ती डोळ्यांत सलूं नये, हा प्रश्न अमेरिकेंत कसा सोडविण्यांत आला, त्याची हकीकत आज आम्ही वाचकांस सांगणार आहों.

यलोस्टोन हें तेथील पहिलें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. १९१५ सालीं त्यांत मोटारींना मोकळीक मिळाली, आणि १९१६ सालच्या कायद्यानें अशा सर्व उद्यानांचा कारभार एका स्वतंत्र खात्याकडे आला. या कायद्यानें खात्यावर दोन कामें सोंपविलीं : सृष्टीचें वैभव पुढच्या पिढ्यांसाठीं अबाधित ठेवावयाचें, आणि आजच्या लोकांना त्याचा आनंदहि घेऊं द्यावयाचा. हीं दोन कामें एकमेकांशीं सुखानें नांदणारीं नव्हेत, हें उघड आहे. लोक आले कीं त्यांना निवारा हवा, वाट दाखविणारा हवा, आणि जमिनींतून उकळतें पाणी कां उसळतें हें समजावून सांगणाराहि हवा. म्हणजे इमारत आलीच.

हें काम ज्यांनीं विशेष विचारानें केलें, त्यांत हर्बर्ट मायर या स्थापत्यविशारदाचें नांव प्रथम घ्यावें लागेल. रॉकफेलर घराण्याच्या एका दाननिधींतून त्यानें यलोस्टोनमध्यें चार छोटीं संग्रहालयें उभारलीं. त्यांपैकीं ओल्ड फेथफुल येथील पुढें पाडण्यांत आलें. नॉरिस, मॅडिसन व फिशिंग ब्रिज येथील तीन अद्याप उभीं आहेत, व १९८७ सालीं त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकांचा मान मिळाला आहे.

नॉरिस येथील वास्तु १९३० सालची. हा प्रदेश यलोस्टोनमधील अत्यंत तप्त कुंडांचा. येथें मायरनें युक्ति केली ती अशी : इमारतीच्या मधोमध आरपार मोकळा रस्ता ठेवला, वर छप्पर, दोन्ही अंगांस माहितीच्या खोल्या. गाडींतून उतरलेला प्रवासी समोर येतो तेव्हां त्याला दगडी भिंती व ओंडके दिसतात. परंतु चार पावलें आंत टाकतांच त्या चौकटींतून पलीकडचें वाफाळणारें खोरें एकदम दृष्टीस पडतें. इमारत देखाव्याच्या आड न येतां देखाव्याचें दार झाली. फिशिंग ब्रिज येथेंहि आंत शिरलेल्याची नजर मागल्या बाजूनें थेट सरोवरावर जाते.

या वास्तु रानांत मिसळतात कशा, याची कारणें पाहण्यासारखीं आहेत. सामान्य समजूत अशी कीं, लपावयाचें असेल तर अंग चोरावें. खांब बारीक करावे, भिंती पातळ कराव्या. मायरनें नेमकें उलट केलें. प्रचंड शिळा व उंच वृक्ष यांच्या सान्निध्यांत बारीक खांब काड्यापेटींतल्या काडीसारखा दिसतो, म्हणून त्यानें ओंडके व दगड गरजेहून जाड घेतले. पायथ्याशीं सर्वांत मोठे दगड आणि वर जातां जातां लहान, अशी रचना केली कीं भिंत जमिनीवर ठेवलेली न वाटतां जमिनींतून वर आलेली वाटते. उंची मात्र बेताची, छप्पर ठेंगणें, वळचण रुंद. तिच्या सावलींत भिंत अर्धी झांकून जाते. सरळ रेघ व नेमका काटकोन निसर्गांत क्वचितच दिसतो, म्हणून त्या दोहोंना शक्य तेथें फांटा दिला.

रंगाची गोष्ट तर अधिक मौजेची आहे. उद्यानांतील बांधकामांविषयीं खात्यानें १९३५ सालीं एक ग्रंथ काढला. १९३८ सालीं त्याची वाढवून तीन भागांत नवी आवृत्ति निघाली. संपादक अल्बर्ट गुड. त्यांत त्यानें बजाविलें आहे कीं, रानांत साधावयास सर्वांत कठीण रंग हिरवाच! झाडांचा हिरवेपणा शेंकडों छटांचा, छायाप्रकाशाचा; छपराचा हिरवा रंग मात्र सपाट, आणि उन्हापावसानें विटून तो भलताच होऊन बसतो. त्यापेक्षां खोडाचा व मातीचा तपकिरी रंग बरा. नक्कल करणारा उघडा पडतो. आपल्या जागीं गुमान राहणारा खपून जातो. माणसांविषयींहि हें खरें नाहीं काय?

या पद्धतीला मजुरी फार लागे. १९३३ ते १९४२ या काळांत बेकार तरुणांच्या सरकारी पथकांमुळें ती मिळाली. महायुद्धानंतर मोटारींचा लोंढा वाढला, मजुरी महागली, आणि १९५६ सालीं सुरू झालेल्या दहा वर्षांच्या योजनेंत कांच, लोखंड व काँक्रीट यांचीं शंभराच्या आसपास आधुनिक माहितीकेंद्रें बांधली गेलीं. त्यांना केवळ नांवें ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. लाखो लोकांच्या पायांखालीं नाजूक जमीन तुडविली जाऊं नये, म्हणून गर्दी एका ठिकाणीं गोळा करणें हाहि रक्षणाचाच उपाय होता.

तथापि आम्हांस एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. इमारत कितीहि नम्र केली तरी तिच्यापुढें मोटारी उभ्या करण्याचें डांबरी पटांगण तिच्याहून कितीतरी पट मोठें असतें. तें ओंडक्यांनीं लपत नाहीं. म्हणून खरा प्रश्न भिंतींच्या रंगाचा नव्हे, तर इमारत कोठें बांधावी आणि कोठें मुळींच बांधूं नये, हा आहे. उत्तम जागा मोकळी सोडावी, दुय्यम जागीं आपण बसावें, आणि उरलेली वाट लोकांनीं पायीं चालावी, एवढा संयम ज्याच्याजवळ आहे त्याला साधा दगडहि पुरतो. ज्याच्याजवळ तो नाहीं, त्यानें अख्खें रान ओंडक्यांनीं मढविलें तरी तो पाहुणा न राहतां मालकच होऊन बसेल.