थायलंडमध्ये ओळखीच्याला धंद्यासाठी पैसे देताय? तोंडी व्यवहार अंगाशी येऊ शकतो

'रेस्टॉरंट माझ्या नावावर काढू, पैसे तुम्ही द्या.' थायलंडमध्ये नोकरीला असलेल्या भारतीयाला ओळखीचा थाई माणूस असं सुचवतो, तेव्हा व्यवहार बहुतेक विश्वासावरच होतो. अडचण तिथेच आहे.

तिथल्या नागरी व व्यापारी संहितेचं कलम 653 सांगतं की 2,000 बाथपेक्षा जास्त कर्जाचा, कर्जदाराच्या सहीचा लेखी पुरावा नसेल तर वसुलीचा दावा चालत नाही. 2,000 बाथ म्हणजे जेमतेम पाच-सहा हजार रुपये! व्याजही वर्षाला 15 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

सही घेतली तरी प्रश्न उरतो : हे कर्ज की छुपी मालकी? रेस्टॉरंटमध्ये परवान्याशिवाय परदेशी हिस्सा निम्म्याहून कमीच ठेवावा लागतो. थाई व्यक्ती फक्त नावापुरती मालक ठरली, तर 1999 च्या परदेशी व्यवसाय कायद्याखाली दोघांनाही 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 ते 10 लाख बाथ दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यामुळे करारात हप्ते आणि व्याज लिहा, नफ्यातला वाटा नको. वकील स्वतःचा घ्या, मित्राचा नको. जमीन तारण असेल तर गहाण भूमी कार्यालयात नोंदवा. नुसती कागदपत्रं कपाटात ठेवून गहाण होत नाही.