घरीं परतलेलें मूल आणि आईबापांचें घरभाडें

वयांत आलेला मुलगा किंवा मुलगी कांहीं वर्षें बाहेर राहून पुन्हां आईबापांच्या घरीं आली, तर आपल्याकडे त्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. पंक्तीस एक पान वाढलें, इतकेंच. ज्याला जें देतां येईल तें त्यानें घरखर्चास द्यावें, आणि ज्याला देतां येत नाहीं त्याचें इतरांनीं चालवून घ्यावें, हा एकत्र कुटुंबाचा अलिखित नियम आहे. इंग्लंडांत मात्र सरकारी मदतीवर भाडें भरणाऱ्या आईबापांच्या घरीं मूल परत आलें, तर तें सरकारदरबारीं कळवावें लागतें आणि त्याचा परिणाम त्या मदतीवर होतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे आप्त आज त्या देशांत स्थायिक झालेले आहेत. त्यांच्या उपयोगी पडावा, आणि घरांतल्या देण्याघेण्यांत राज्याचा हात शिरला म्हणजे काय होतें हें इतरांसहि कळावें, म्हणून हा विषय आम्ही येथें घेतला आहे.

प्रथम घराविषयीं. इंग्लंडांत गांवोगांवच्या नगरसंस्थांनीं, म्हणजे तेथल्या कौन्सिलांनीं, सामान्य लोकांकरितां घरें बांधून तीं माफक भाड्यानें देण्याची प्रथा जुनी आहे. १९१९ च्या कायद्यानें सरकारनें या कामीं कौन्सिलांस पैशाचें साहाय्य देऊं केलें व तेव्हांपासून अशीं घरें मोठ्या संख्येनें उभीं राहिलीं. ज्या भाडेकरूचें उत्पन्न थोडें, त्याला भाड्यापुरती मदत मिळते. पेन्शनच्या वयाच्या भाडेकरूंस ही मदत हाउसिंग बेनिफिट या नांवानें कौन्सिलकडूनच मिळते. कामाच्या वयाच्या बहुतेक लोकांस ती आतां युनिव्हर्सल क्रेडिट या एकवट मदतीच्या पोटांत मिळते. मूल घरीं परतलें म्हणजे या दोन्ही मदतींचे नियम वेगवेगळ्या रीतीनें लागू होतात.

त्या नियमांमागील विचार नवा नाहीं. १९३१ सालीं, मंदीच्या दिवसांत, बेकारांस मदत देण्यापूर्वीं साऱ्या कुटुंबाच्या मिळकतीची चौकशी करण्याचें तेथें ठरलें. मुलगी गिरणींत चार पैसे मिळवूं लागली कीं बापाची मदत तितकी कमी होई. मिळवत्या मुलांस आपण आईबापांवर भार होऊन बसलों असें वाटे, आणि कित्येक जण दुसरीकडे बिऱ्हाड करीत. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द रोड टु विगन पिअर’ या पुस्तकांत या चौकशीपायीं कुटुंबें कशीं फुटत, याची हकीकत आलेली आहे. १९४१ च्या कायद्यानें ती कुटुंबचौकशी बंद झाली. तथापि मिळवतें मूल घरांत आहे, तर तें घरभाड्यास हातभार लावीतच असलें पाहिजे, हें गृहीत आजच्या नियमांतहि कायम आहे.

आतां तो नियम पाहूं. घरांत राहणाऱ्या अशा प्रौढ मुलास नियमाच्या भाषेंत ‘नॉन-डिपेंडंट’ म्हणतात. म्हणजे आईबापांवर अवलंबून नसलेला. त्याच्याबद्दल आईबापांच्या हाउसिंग बेनिफिटमधून ठराविक रक्कम कापून घेतात. २०२४-२५ सालीं ही कपात आठवड्यास कमींत कमी १९.३० पौंड व जास्तींत जास्त १२४.५५ पौंड होती. हे दर प्रत्येक एप्रिलांत बदलतात. आठवड्यास १६ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्याची मिळकत जितकी मोठी, तितकी कपात मोठी. बेकार बसलेल्या मुलाबद्दलहि बहुधा सर्वांत लहान कपात होतेच. मात्र तो २५ वर्षांच्या आंतला असून कांहीं कमाई नसतांना युनिव्हर्सल क्रेडिट घेत असेल, तर कपात होत नाहीं.

समजा, एका विधवा आईचें भाडें आठवड्यास ११० पौंड आहे आणि तें सगळें मदतींतून भागतें. तिचा चांगल्या पगारावरील मुलगा संसार मोडल्यामुळें घरीं परत आला व त्याच्यामुळें वरच्या दराची कपात लागू झाली. कपात भाड्याहूनहि मोठी, तेव्हां आईची मदत शून्यावर येणार. तो तिला कांहीं देतो कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. त्यानें एक पैहि दिली नाहीं तरी कपात तीच.

कायद्यानें अगदींच दयामाया ठेवलेली नाहीं असें नव्हे. भाडेकरू ६५ वर्षांवरील असेल, तर मूल राहावयास आल्यापासून २६ आठवडे ही कपात सुरू होत नाहीं. पडत्या काळांत घरीं आलेल्या मुलास पुन्हां उभें राहण्यास हा अवधि बरा आहे. आई अगर बाप अंध असतील, किंवा शुश्रूषेच्या गरजेपायीं अटेंडन्स अलौन्स घेत असतील, तर त्यांच्या मदतींतून अशी कपात मुळींच होत नाहीं.

परंतु या शेवटच्या सवलतीच्या मागेंच एक खांच आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षांत येते. अटेंडन्स अलौन्स घेणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धेस पेन्शन क्रेडिट ठरवितांना तीव्र अपंगत्वाबद्दल एक जादा रक्कम धरतात. २०२४-२५ सालीं ती आठवड्यास ८१.५० पौंड होती. प्रौढ मुलगी कायमची राहावयास आली कीं आई एकटी राहत नाहीं असें ठरतें व ही रक्कम सामान्यतः बंद होते. मुलगी वेगळी राहून आईच्या शुश्रूषेबद्दल केअरर्स अलौन्स घेऊं लागली, तरीहि तोच परिणाम होतो. त्यांतून पेन्शन क्रेडिटच सर्वस्वीं बंद पडलें, तर भाड्याची मदतहि नव्यानें मोजली जाते. आजारी आईची सेवा करावयास आलेल्या मुलीच्या पायगुणानें आईचें उत्पन्न घटावें, हा प्रकार कोणत्याहि घरास बोंचल्याशिवाय राहणार नाहीं.

कामाच्या वयाच्या आईबापांचा हिशेब निराळा. युनिव्हर्सल क्रेडिटमध्यें २१ वर्षांवरील मुलाबद्दल महिन्यास एकच ठराविक कपात असते. २०२४-२५ सालीं ती ९१.४७ पौंड होती. मूल किती मिळवितें हें येथें पाहत नाहींत. म्हणून अल्प वेतनावरील मुलाच्या घरासहि तेवढाच भार पडतो. उलट बाजूस एक लाभहि आहे. २०१३ सालापासून कौन्सिलच्या घरांत एक खोली गरजेपेक्षां जास्त असली तर भाड्याच्या मदतींतून १४ टक्के, आणि दोन किंवा अधिक असल्या तर २५ टक्के कमी करतात. मूल परत आलें कीं त्याच्याकरितां एक खोली हिशेबांत धरली जाते व ती घट टळते. आठवड्यास १०० पौंड भाडें असेल तर १४ टक्क्यांप्रमाणें महिन्याचे सुमारें ६१ पौंड वांचतात, आणि वरील कपातीचे ९१ पौंड जातात. म्हणजे खरी तूट महिन्यास ३१ पौंडांच्या आसपास. मूल २१ वर्षांच्या आंतील असेल तर ही कपात नाहींच, आणि खोलीचा लाभ मात्र पदरांत पडतो.

याखेरीज कौन्सिल टॅक्स ही घरपट्टी आहे. घरांत एकच प्रौढ माणूस असल्यास तींत २५ टक्के सूट मिळते. दुसरें प्रौढ माणूस आलें कीं ती जाते. पूर्ण वेळ शिकणारा मुलगा मात्र या मोजणींत धरीत नाहींत, आणि ठराविक अटींवर शुश्रूषा करणारी मुलगीहि धरीत नाहींत.

इतकें वाचल्यावर कोणाच्या मनांत येईल कीं, मूल घरीं आलें हें कळवूंच नये. हा मार्ग आम्ही कोणासहि सुचविणार नाहीं. घरांतील माणसांत बदल झाला कीं तो कळविणें हें मदत घेणाऱ्याचें कर्तव्य ठरलेलें आहे. तें चुकवून घेतलेले पैसे मागाहून वसूल होतात, आणि हेतुपुरस्सर लपविलें असें ठरल्यास प्रकरण कोर्टापर्यंत जातें. म्हातारपणीं असा प्रसंग ओढवण्यापेक्षां कपात सोसणें पुष्कळ बरें. मात्र चार दिवस पाहुणा म्हणून आलेलें मूल, ज्याचें खरें बिऱ्हाड अन्यत्र आहे, तें या नियमांत येत नाहीं. हाहि भेद ध्यानांत ठेवावा.

मग आईबापांनीं काय करावें? उत्तर त्या नियमांतच आहे. राज्य असें धरून चालतें कीं, घरांत आलेलें मूल भाड्याचा आपला वांटा देतें. तेव्हां मुलानें तो खरोखरच द्यावा. घरीं राहणाऱ्या मुलानें जेवणाखाण्याबद्दल व राहण्याबद्दल आईबापांस दिलेली रक्कम हाउसिंग बेनिफिट मोजतांना त्यांचें उत्पन्न म्हणून धरीत नाहींत. म्हणून जितकी कपात झाली तितकें मुलानें दरमहा आईच्या हातीं ठेवलें, तर आईचें कांहीं नुकसान होत नाहीं. सामान उतरविण्यापूर्वींच कौन्सिलकडे किंवा एखाद्या सल्लाकेंद्राकडे जाऊन कपात किती होईल हें विचारावें, आणि तो आंकडा घरांत सर्वांसमक्ष मांडावा.

आईबापांस मुलापाशीं पैशाचा विषय काढावयास संकोच वाटतो, आणि मुलास वाटतें कीं आईनें मागितलें नाहीं म्हणजे तिला नको आहे. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांस हें मौन चांगलें ठाऊक आहे. आपल्याकडे त्या मौनाची किंमत बहुधा मनस्तापांत मोजली जाते. तिकडे ती दर आठवड्यास पौंडांत मोजली जाते आणि ती म्हातारी आई भरते. कायदा बदलणें कोणा एका कुटुंबाच्या हातीं नाहीं. परंतु घराचा उंबरा पुन्हां ओलांडणाऱ्या मुलानें, ‘माझ्यामुळें तुमचें किती कमी होतें?’ एवढा प्रश्न आपण होऊन विचारला, तर कायद्यानें धरलेलें गृहीत खरें ठरेल, आणि आईलाहि आपल्या लेकराचें येणें जड होणार नाहीं.